मध्यस्थाच्या चार ओळी

पुंजाराम विधात्यांचं पत्र श्रावणात आलं होतं. दिवाळी होऊन गेली तरी सहादू गायख्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र पॅकहाऊसच्या लेटरहेडवर होतं. कोपऱ्यात द्राक्षाचा घड छापलेला, हिरवागार आणि वाजवीपेक्षा मोठा. मजकूर मात्र आटोपशीर होता. हे स्थळ आपण आणलंत, आपण मध्यस्थ. तेव्हा आपल्या भाचीमध्ये लग्नाआधीपासून शारीरिक दोष होता आणि त्यामुळे संसार होऊ शकला नाही, अशा चार ओळी लिहून सहीनिशी पाठवाव्यात. पुढचं वकील बघतील, दोन्ही घरांची अब्रू राहील.

सहादूमामा कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी ठेवलं. स्वतः काही लिहायची वेळ आली की हात आखडायचा. तरी त्यांनी कागद घेतला होता. 'आपले कृपापत्र मिळाले' अशी सुरुवात केली. कृपापत्र हा शब्द वाचून त्यांची त्यांनाच लाज वाटली, म्हणून तो कागद फाडला. दुसऱ्यावर 'सविनय' लिहिलं आणि तोही फाडला. मग पत्र एका जाड शब्दकोशात घालून ठेवलं आणि उत्तर न देणं हेही एक उत्तरच आहे, अशी स्वतःची समजूत काढली. भित्र्या माणसाला अशा समजुती हमखास सुचतात. वाचन दांडगं असलं तर चांगल्या भाषेत सुचतात, एवढाच फरक.

ते मध्यस्थ झाले कसे, तेही ऐकण्यासारखं आहे. कॉलेजच्या ऑफिसात विधात्यांचा एक चुलतभाऊ कामाला होता. त्याने डबा खाताना विचारलं, "गायखे, तुमची भाची लग्नाची आहे ना?" मामांच्या तोंडात घास होता, त्यांनी मान हलवली. एवढ्या मान हलवण्यावर त्यांना लग्नात मानाचा फेटा बांधला गेला. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षवाल्या घरांत मध्यस्थाचा थाट लग्नापुरता असतो. पुढे काही बिनसलं की माल परत आल्यावर दलालाला धरावं तसं त्यालाच धरतात.

भाची उज्वला बी.एस्सी. ॲग्री. विधात्यांना सून हवी होती, शिवाय निर्यातीचे कागद सांभाळणारं माणूसही हवं होतं. दोन्ही एकाच मांडवात मिळालं. फवारण्यांच्या नोंदी, औषधांच्या अंशांचे रिपोर्ट, युरोपातल्या खरेदीदारांच्या ईमेल, सगळं तिच्याकडे. या कामात तिच्यात दोष आहे असं विधात्यांच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही.

दोष निघाला तो दुसरीकडे. उज्वलाची आई चंद्रभागा म्हणजे मामांची धाकटी विधवा बहीण, देवळाली गावात राहणारी. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा तिचा फोन आला होता.

"दादा, उज्वलाला त्रास होतो."

"कसला?"

"तसला."

"बरं," मामा म्हणाले आणि फोन ठेवून कपाटाकडे वळले. पुढे विचारायची त्यांची छाती नव्हती. पुस्तकाला विचारायची होती. विवाहितांसाठी कुणा डॉक्टराने फार पूर्वी लिहिलेलं एक पुस्तक सापडलं. त्यात लिहिलं होतं की स्त्रीला संबंधाच्या वेळी दुखतं ते बहुतेक वेळा मनातल्या भीतीमुळे. पतीने धीर धरावा, पत्नीने मन मोकळं करावं. मामांना पटलं. छापलेलं त्यांना पटायचंच. त्यांनी बहिणीला कळवलं, "मनाचं आहे. वेळ जाऊ दे."

हा निकाल चंद्रभागेकडून उज्वलाकडे, तिच्याकडून नवऱ्याकडे, नवऱ्याकडून सासूकडे गेला. पिंपळगावला पोचेपर्यंत त्याचं रूप बदललं होतं. "तुजा शिकलेला मामाच म्हनतो, समदी नाटकं हे," सासू झुंबरबाई म्हणाल्या. त्यानंतर उज्वलाने घरात दुखण्याचा शब्द काढला नाही.

आणि आता, दिवाळी झाल्यावर, बैठकीचं बोलावणं आलं.

बैठक विधात्यांच्या पॅकहाऊसच्या ऑफिसात होती. वर एसी, भिंतीवर निर्यातीची प्रमाणपत्रं, सोफ्यावर भावकीतले पुरुष. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांवर झोप होती आणि उरलेल्यांच्या डोळ्यांत उत्सुकता; ती काळजीसारखी दिसावी म्हणून त्यांनी भुवया आवळल्या होत्या. योगेश, म्हणजे पुंजारामांचा मुलगा आणि उज्वलाचा नवरा, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत खिडकीशी उभा होता. उज्वलाला बोलावलं नव्हतं. ती आत घरात होती. जिच्याविषयी बैठक असते तिला बैठकीत बसवायची तिथे पद्धत नाही.

"तर असं हे," पुंजाराम म्हणाले. "तीन वर्सं झाली. संसार होत नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी तरी सुस्कारा टाकला.

"म्हणजे नेमकं?" मामांनी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की शेजारच्याने कानामागे हात धरला.

"म्हंजी संसार हो. आता सगळं फोडून सांगाया लावता का? तुमी वाचनारी मानसं."

त्या खोलीत अर्धा तास ज्या गोष्टीवर चर्चा झाली तिचं नाव कुणी घेतलं नाही. 'ते', 'तसलं', 'संसार', 'नवराबायकोचं'. द्राक्षाच्या घडावरच्या बुरशीला ही माणसं तिच्या लॅटिन नावाने हाक मारत होती. घरातल्या बाईच्या दुखण्याला मराठी नावही त्यांच्याकडे नव्हतं.

"डॉक्टरांना दाखवलं?" मामा म्हणाले.

"लय दाखवलं. मूल होन्याच्या सगळ्या टेस्टी केल्या, नॉर्मल हे. इथल्या डॉक्टरनी सांगितलं, एक पोरगं होऊ द्या, सगळं मोकळं व्हईल. आता पोरगं व्हायाचं तर..." पुंजाराम थांबले, कारण पुढे पुन्हा तेच नाव घ्यावं लागणार होतं.

चहा घेऊन आलेल्या झुंबरबाई दारातच थांबल्या. "दुखतं दुखतं. आमाला काय दुखलं नाय का? पदर तोंडात धरला, झालं. आमी काय बैठका बसवल्या?"

यावर पुरुष कौतुकाने हसले. मामांना वाटलं, ही बाई आत्ता स्वतःची सगळी कहाणी सांगून गेली आणि ती कुणाला कळली नाही, तिलासुद्धा नाही. वाटलं, पण ते बोलले नाहीत. त्यांना वाटायचं पुष्कळ.

पुंजारामांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "पत्राला तुमचं उत्तर नाय आलं, म्हंजी आमी समजलो तुमाला मान्य हे. नसतं तर मानूस कळवतो. आता फकस्त सही."

म्हणजे शब्दकोशात पत्र घालून ठेवण्याचा अर्थ पिंपळगावात असा लागला होता. मामांनी कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "चष्मा घरी राहिला."

"वाचून दाखवतो की."

"नको. स्वतः वाचल्याशिवाय... सवय नाही. आठवडाभरात कळवतो."

"कळवा," पुंजाराम म्हणाले. "आन् पोरीला आत्ताच घेऊन जा. बॅग भरलेली हे."

मामा-भाची एसटीत बसली. टोलनाका मागे पडला. उज्वलाने मांडीवरची बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "मामा, चष्मा खिशात आहे."

मामांनी खिशावरचा हात काढला. "मला वेळ हवा होता."

"तुम्हाला श्रावणापासून वेळ होता."

"मी पुस्तकात वाचलं होतं गं, की मनाचं..."

"माहितीय. तुमच्या पुस्तकाने मला दोन वर्षं गप्प केलं." ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या बागांची फळछाटणी होऊन गेली होती, वेलींवर कोवळी फूट होती. "या बागेत पान जरा पिवळं पडलं ना, तर सासरे देठ तोडून लॅबला पाठवतात. रिपोर्ट येईपर्यंत वेलीला शिव्या देत नाहीत. मी स्वतः पाकिटं भरलीयत. मला मात्र तीन वर्षांत एकाने विचारलं नाही, की बाई, दुखतं म्हणजे कुठे दुखतं?"

विचारायची हीच वेळ होती. शब्द ओठांपर्यंत आले, आणि मामा म्हणाले, "पाणी हवंय का?"

उज्वला हसली. त्या हसण्यात राग असता तर मामांना बरं वाटलं असतं. नुसती कीव होती.

"सोडचिठ्ठी मलाही हवी आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "मी नको म्हणायचे, तर योगेश म्हणायचा, झालंच आता. मी उशी चावत पडायचे आणि हा म्हणायचा झालंच. त्या घरात मला परत जायचं नाही. पण दोष असलेली म्हणून नाही बाहेर पडणार मी. तुम्ही त्या चार ओळी लिहिल्यात ना मामा, तर त्या जन्मभर माझ्या नावापुढे राहतील. तालुक्यातल्या प्रत्येक मांडवात वाचल्या जातील."

डॉक्टर उज्वलानेच शोधली. चंद्रभागेचे गुडघे धरलेले, म्हणून सोबतीला मामा. डॉ. ज्योत्स्ना भोये सुरगाण्याकडच्या. नाशिकला दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना. विधात्यांच्या भावकीत हे कळलं तेव्हा एक जण म्हणाला होता म्हणे, आता आदिवाशाच्या डॉक्टरणीकडं जायची पाळी आली. त्याच्या स्वतःच्या मुलाला बारावीला दोनदा बसावं लागलं होतं, पण तो वेगळा विषय.

मामा बाहेरच्या बाकावर बसायला निघाले. उज्वला म्हणाली, "आत चला. तुम्हाला लिहायचंय ना माझ्याविषयी? मग ऐका."

ते आत गेले आणि भिंतीकडच्या खुर्चीत फरशी बघत बसले. डॉक्टरांनी उज्वलाचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग साध्या आवाजात विचारलं, जसं दाढ दुखते का असं विचारावं, "संबंधाच्या वेळी दुखतं ते सुरुवातीलाच, योनीच्या तोंडाशी दुखतं, की आत खोल?"

मामांनी फरशीवरची एक रेघ पकडून ठेवली. मग भाचीचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हे. "खोल. आत, मागच्या बाजूला. सुरी लागल्यासारखं. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत ओटीपोट ठणकतं."

"पाळीत?"

"शाळेपासून. उलट्या होतात."

"पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं?"

उज्वलाने मान वर केली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला कळलं नाही. मी विचारलं," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी दोघांनाही समजावून सांगितलं. तोंडाशी दुखत असेल तर त्या आधी कोरडेपणा बघतात, जंतुसंसर्ग, त्वचेचा आजार, जुन्या टाक्यांचा व्रण, नाहीतर तिथले स्नायू आपोआप आवळून घेतात ते. "तेही खरंच असतं, कुणी मुद्दाम करत नाही. त्यालाही उपचार आहेत." आत खोल दुखत असेल तर शोध वेगळा. अंडाशयातली गाठ, ओटीपोटातला जुना संसर्ग, गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, आणि एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेरच कुठे तरी वाढतं, आतड्यावर, अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. धक्का लागला की जीव जातो. साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल.

"मूल झालं की मोकळं होईल म्हणाले होते," उज्वला म्हणाली.

"ते असं सगळ्यालाच म्हणतात. सांधे दुखत असते तरी म्हणाले असते."

"आणि भीती?" मामांनी विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकून आश्चर्य वाटलं. "एका पुस्तकात होतं..."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "भीती असते ना. कधी आधीपासून असते, तिचाही इलाज करावा लागतो. पण दर वेळी सुरी लागत असेल, तर भीती वाटणार नाही का? दुखणं न तपासता भीतीवर बोट ठेवणं फार सोपं. पुस्तकाला बाई तपासता येत नाही. तुम्ही कोण, मामा ना? फरशीत काही सापडलं का मघापासून?"

उज्वला खळखळून हसली. मामाही हसले, कान लाल करून. डॉक्टर तिला तपासायला पडद्यामागे घेऊन गेल्या तेव्हा ते न सांगता उठून बाहेर आले.

एमआरआय झाला, मग पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने शस्त्रक्रिया. डाव्या अंडाशयावर गाठ होती, गर्भाशयाची मागची बाजू आतड्याला चिकटली होती. डॉक्टरांनी फोटो दाखवले. "निघालं तेवढं काढलं. परत वाढू शकतं, म्हणून गोळ्या चालू राहतील. बरंच कमी होईल. शून्य होईल असं वचन मी देत नाही."

तिसऱ्या दिवशी योगेश शहाळी घेऊन हॉस्पिटलात आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, किल्ली फिरवत.

"आता झालं ना सगळं?" तो म्हणाला.

"काय झालं?" उज्वलाने विचारलं.

"म्हणजे... ते."

"नाव घे. मग उत्तर देते."

योगेशने मामांकडे मदतीसाठी पाहिलं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची नजर चुकवली नाही. योगेशला नाव घेता आलं नाही. तो पार्किंगचं काही तरी पुटपुटला आणि शहाळ्यांची पिशवी ठेवून गेला. तीन वर्षं जे हक्काने घेतलं त्याचा उच्चारही न करता येणारा हा गडी खाली जाऊन गाडीत गाणी लावून बसला असेल, असं मामांच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी पुंजारामांचा फोन आला. मामांना वाटलं, माणूस चौकशी करेल.

"योगेश बोलला. म्हंजी आजार निघाला ना?"

"हो."

"लग्नाआधीपासूनचा?"

"डॉक्टर म्हणतात, शाळेपासून असावा."

"मंग आमी काय येगळं म्हनत होतो? दोषच झाला ना तो. उलट बरं झालं, आता कागद हे. त्या डॉक्टरणीच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा आन् त्याच चार ओळी लिहा. आता तर तुमाला खोटं लिवायचंबी काम नाय."

फोन ठेवल्यावर मामा कॉरिडॉरमध्ये तसेच उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, आजाराचं नाव कळलं की लोक खाली मान घालतील. पुस्तकांत तसंच असतं; शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना उमज पडते. इथे माणसाने त्या नावाचीच काठी केली होती. आणि ही काठी त्याच्या हातात द्यायची की नाही, हे आता फक्त मध्यस्थाच्या सहीवर होतं.

ते आत आले. त्यांनी उज्वलाला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग टेबल ओढून तिथेच लिहायला बसले. कृपापत्र सुचलं नाही. एकटाकी लिहून त्यांनी कागद तिच्या हातात दिला.

'पुंजाराम विधाते यांस,

आपण मागितलेल्या चार ओळी पाठवत आहे. उज्वलामध्ये दोष नाही. तिला एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार आहे आणि त्यामुळे संबंधाच्या वेळी तिला असह्य वेदना होत. त्या कुठे होतात हे आपल्या घरात तीन वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि मध्यस्थ असून मीही विचारलं नाही. मनाचं आहे असं मी कळवलं होतं ते साफ चूक होतं. घटस्फोट उज्वला स्वतः मागेल. आपल्या बाजूच्या कुठल्याही कागदात तिच्याविषयी दोष हा शब्द आला तर मी कोर्टात उभा राहून हेच सर्वांदेखत सांगेन, क्षमस्व.

सहादू गायखे'

उज्वलाने दोनदा वाचलं. "संबंधाच्या वेळी," ती मोठ्याने म्हणाली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं खरं. बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. कोर्टात."

"जमेल. चष्मा तेवढा खिशातून काढा." तिने पेन मागून घेतलं, 'क्षमस्व' वर आडवी रेघ मारली आणि कागद परत दिला. "ठेवा आता असाच. पुन्हा लिहून काढू नका, तुम्ही सविनय घालाल."

नाशिक रोडच्या पोस्टात दुसऱ्या दिवशी गर्दी होती. मामा रांगेत उभे राहिले. रांगेत असताना त्यांना दोनदा वाटलं की भाषा जरा कडक झाली. एकदा वाटलं की विधाते काय म्हणतील. पुढचा माणूस सरकला, तसे तेही सरकले.

"रजिस्टर करायचंय," त्यांनी खिडकीत पाकीट सरकवलं.

"रजिस्टर आता स्पीड पोस्टातच आलं काका. पोचल्याची सही पाहिजे का?"

"पाहिजे."

"आत काय आहे?"

"पत्राचं उत्तर," मामा म्हणाले.

खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं, पट्टी चिकटवली आणि पावती दिली. मागचा माणूस खाकरला, तरी मामा बाजूला झाले नाहीत. तिने पाकीट मागच्या थैलीत टाकल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि मगच त्यांनी खिडकी सोडली.